मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात काम केल्याने प्रोग्रॅमिंगची शैली खरोखर सुधारते का?

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात कोणता मुक्त प्रकल्प निवडावा आणि तिथे चांगली शैली शिकता येते का, असे आपण विचारले आहे. नक्कीच शिकता येते. नोकरीच्या पहिल्या 4 वर्षांत जे मला कोणी शिकवले नाही, ते एका नाकारलेल्या पॅचने, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलाने, शिकवले.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, स्टेजिंग विभागातील (अजून पुरता तयार नसलेला कोड तिथे ठेवतात) एका ड्रायव्हरमध्ये मला एक चूक आढळली होती: त्रुटी आली की फंक्शन घेतलेली मेमरी न सोडताच परतत असे. दुरुस्ती एका ओळीची होती. पण त्याच ओघात मी व्हेरिएबलची नावे बदलली, स्पेस काढून कर्नलच्या नियमाप्रमाणे 8 अक्षरे रुंदीचे टॅब घातले आणि सुमारे 400 ओळींचा पॅच पाठवून दिला. मेंटेनरने, म्हणजे तो विभाग सांभाळणाऱ्याने, एवढेच कळवले की एका पॅचमध्ये एकच बदल असावा, आणि हा बदल कशासाठी, हे संदेशात लिहिलेले नाही. मला फार राग आला होता. तिसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती वेगळी काढली, तेव्हा ती एक ओळ मलाच प्रथम स्पष्ट दिसली. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या बायसेक्ट आज्ञेने, दर वेळी निम्मे वगळत, 1,000 कमिटांमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट साधारण 10 चाचण्यांत सापडते. पण तिथे 400 ओळींचा गुंता हाती आला, तर शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी मात्र शैली ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब मानत आणि प्रत्येक कमिटला ‘बदल केले’ एवढाच संदेश लिहीत. ते नोकरी सोडून गेल्यावर त्यांच्या मॉड्यूलमधील 3 सेकंद थांबण्याची एक सूचना कशासाठी आहे, हे शोधण्यात आम्हा दोघांचा आठवडा गेला. हा निष्काळजीपणा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकल्प मात्र स्वतः रोज वापरत असाल तोच निवडा. सगळेच मेंटेनर सौजन्याने लिहीत नाहीत, आणि अनेक जण हे काम फावल्या वेळात करत असल्याने उत्तराला काही आठवडेही लागतात, हे सांगायला हवे. कर्नलकडे वळलात, तर पाठवण्यापूर्वी पॅच चेकपॅच या कर्नलच्या शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टने तपासा, आणि ज्या फाईलला हात लावणार आहात तिचे मागचे 20 कमिट संदेश वाचा. बदल का केला, हे लिहिण्यास किती कमी शब्द लागतात, ते तिथे दिसेल. माझ्या त्या सहकाऱ्यांना मी हेच दाखवायला हवे होते.