ते बरोबरचं चिन्ह खोड

प्रिय पोरी,

रविवारी तू दाखवलेलं वहीचं पान डोळ्यांपुढून हलत नाही. डावीकडे अल्लाह, उजवीकडे ब्रह्म, मधे पेनाने दोनदा गिरवलेलं बरोबरचं चिन्ह. खाली बारीक अक्षरात, 'मग मी हात जोडते ते कुणाला?' हा प्रश्न खरा आहे. चिन्ह खोटं आहे. आधी ते खोड.

तौहीद, म्हणजे इस्लाममधली ईश्वराच्या एकत्वाची शिकवण, सांगते, ईश्वर एक, त्याने जग निर्माण केलं, पण जग म्हणजे तो नव्हे. त्याच्या नि जगाच्या मधली ही रेघ पुसणं म्हणजे शिर्क, ईश्वराच्या बरोबरीला दुसरं काही ठेवणं, सर्वांत मोठं पाप. अद्वैत सांगणाऱ्या शंकराचार्यांच्या लेखी तीच रेघ अविद्येची, अज्ञानाची, दोरीवर भासलेल्या सापासारखी. 'देव एकच आहे' आणि 'दुसरं काही नाहीच' ही दोन वेगळी विधानं आहेत गं!

विशीत मीही तेच चिन्ह काढलं होतं. हॉस्टेलवरचा मित्र नमाज पढून चटई गुंडाळत होता. मी म्हणालो, 'तुमचा अल्लाह म्हणजे आमचं ब्रह्मच की.' मला वाटलं, केवढं मोठं मन माझं. त्याने चटईची सुटलेली कड बोटाने आत सारली आणि म्हणाला, 'ज्याच्यापुढे आत्ता डोकं टेकलं, तो मीच, असं म्हणू?' पुन्हा तो या विषयावर माझ्याशी कधी बोलला नाही. चाळीस वर्षं होऊन गेली.

तेव्हापासून लोक मला भेद वाढवणारा म्हणतात. म्हणू देत. समोरच्याचं म्हणणं पुरतं न ऐकता 'सगळं एकच' म्हणणं मला जमत नाही, जमायलाही नको. सूफींनी तरी कुठे घाई केली? सूफी विचारवंत इब्न अरबींच्या परंपरेतल्या अस्तित्वाच्या एकत्वाला सरहिंदच्या शेख अहमदांनी, सूफी असूनच, हरकत घेतली. सूर्य उगवल्यावर तारे दिसत नाहीत, म्हणून ते नाहीसे होत नाहीत. एकत्व पाहणाऱ्याच्या अनुभवात आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्या तुकोबांनीही ब्रह्मज्ञान नको म्हटलं. मी भक्त, तू देव, एवढंच मागितलं.

तरी अद्वैतात भक्ती उरत नाही, असं लगेच ठरवू नकोस. ज्ञानेश्वर म्हणतात, एकच डोंगर कोरून देव, देऊळ, परिवार होतो. मग भक्तीचा व्यवहार का होऊ नये? वेरूळच्या कैलासात उभी राहिलीस की हे डोळ्यांना दिसतं. पण तिथेही चिन्ह काढू नकोस. कोरणारा डोंगराबाहेरचा की डोंगरच, हे तौहीद विचारणारच.

हात जोडणं मात्र थांबवू नकोस. रविवारी वही आण, मी ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव काढून ठेवतो. नववं प्रकरण वाचू.

तुझा,
काका