टीव्हीवरचे क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे हवी त्यालाच पडद्यावर दिसणारी संवादांची अक्षरं, कसे सुरू झाले? पूर्वी त्यासाठी वेगळा डबा का घ्यावा लागायचा?

जुन्या टीव्हीचं चित्र बिघडून वर सरकायला लागलं की दोन चित्रांच्या मध्ये एक काळा आडवा पट्टा दिसायचा, आठवतो का? कॅप्शनची अक्षरं अमेरिकेत त्याच पट्ट्यात दडवून पाठवायचे. गोष्ट सगळी तिकडचीच आहे.

खरं तर तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेला टीव्हीच्या सिग्नलमधून देशभर अचूक वेळ पाठवायची होती. ते काही जमलं नाही, पण वेळेऐवजी संवाद पाठवता येतील हे एबीसी वाहिनीने हेरलं. १९७१ मध्ये नॅशव्हिलच्या परिषदेत आणि पुढच्या वर्षी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात त्याचं प्रात्यक्षिक झालं. १९७२ मध्येच बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या वाहिनीने ज्युलिया चाइल्डच्या पाककृतींच्या कार्यक्रमावर अक्षरं टाकली, पण ती सगळ्यांनाच दिसायची. ऐकू येणारे प्रेक्षक वैतागतील ही वाहिन्यांची धास्ती, म्हणून हवी त्यालाच दिसतील अशी सोय हवी होती.

टीव्हीचं चित्र आडव्या रेषांनी बनतं. १९७६ मध्ये सरकारने त्या काळ्या पट्ट्यातली २१ क्रमांकाची रेष कॅप्शनसाठी राखून ठेवली. एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, दोन अक्षरं, म्हणजे सेकंदाला साधारण साठ. वाचायला भरपूर झाली! १६ मार्च १९८० पासून नियमित प्रसारण सुरू झालं.

घोडं अडलं ते डब्यापाशी. अक्षरं उलगडणारा डीकोडर सीअर्सच्या दुकानात सुमारे अडीचशे डॉलरला मिळायचा. तेव्हा ही रक्कम लहान नव्हती. कार्यक्रम मोजके म्हणून डबा कोणी घेईना, आणि डबे मोजके म्हणून वाहिन्या खर्च करीनात. सीबीएस ही वाहिनी तर टेलिटेक्स्टचा (टीव्हीच्या सिग्नलमधून मजकूर पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीचा) हट्ट धरून १९८४ पर्यंत बाहेरच राहिली. कर्णबधिरांनी सीबीएसविरुद्ध निदर्शनंही केली. मला विचाराल तर खरी कलाटणी १९९० च्या कायद्याने दिली. जुलै १९९३ पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत डीकोडरची चिप बसवणं सक्तीचं झालं. डबा गेला, आणि कॅप्शन बार-जिमसारख्या गोंगाटाच्या जागीही पोचले. आपल्याकडे कर्णबधिरांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं केंद्राने २०१९ मध्ये काढली. बातम्यांखालची पळती पट्टी म्हणजे कॅप्शन नव्हे, हे जाता जाता सांगतो.

थेट प्रसारणाला १९८२ पासून कोर्टातल्या स्टेनोग्राफरांची कला कामी आली. त्यांच्या यंत्रावर अनेक कळा एकदम दाबून उच्चार टिपतात, मग संगणक कोशातून शब्द शोधतो. उच्चार सारखा असला की भलताच शब्द पडद्यावर येतो. थेट बातम्यांत मधेच विनोदी वाक्यं दिसायची, त्याचं एक कारण हेच.

डिजिटल प्रसारणात ती २१वी रेष उरलेली नाही. तरी अमेरिकेत नव्या पद्धतीच्या कॅप्शनसोबत ती दोन-दोन अक्षरांची जुनी मांडणीही पाठवली जाते.