भंगाराच्या पैशातून मेटल डिटेक्टर

प्रश्न: मी अंबड तालुक्यातला. जालन्याला एका रोलिंग मिलच्या स्टोअरमध्ये आहे, हातात १९,००० पडतात. बायको, एक मुलगी, आईवडील. मेटल डिटेक्टरचा नाद लागलाय. ४५,००० चं मशीन पाहून ठेवलंय. दुकानदार २,८७० चे १८ हप्ते पाडून देतो. पतसंस्थेत ३०,००० ची ठेव आहे. घरचं आणि गावातलं भंगार विकून महिन्याला ५-६ हजार सुटतील, पुढे मशीनने सापडेल ते विकून खर्च निघेल. हप्त्यावर घेऊ, की ठेव मोडू?

उत्तर: दोन्ही नको. नाद सोडा असं मात्र मी म्हणणार नाही. दारू-जुगारापेक्षा रविवारी शेतात फिरणं कधीही बरं.

पत्रासोबत घरच्या भंगाराची यादी तुम्ही छान दिलीत. मोडकी तिफण, कुळवाच्या पासा, बैलगाडीच्या चाकांवरच्या दोन लोखंडी धावा (पट्ट्या), गंजलेले पाइप असं दीडशे किलो लोखंड. जळालेल्या मोटारीतलं ४ किलो तांबं. अ‍ॅल्युमिनियमचे १२ किलो तुषार पाइप. तुम्हीच लिहिलेल्या किलोला २८, ६५० आणि १४० या दरांनी ८,४८० होतात. हे पैसे खरे. पण ते भंगार आजोबांपासून गोठ्यामागे साठत आलंय आणि एकदाच विकलं जाणार. तुम्ही ते दर महिन्याला उगवेल असं धरलंय.

दुसऱ्या महिन्यापासून माल विकत घ्यावा लागेल. गावात २० ने लोखंड घेतलंत, मोटरसायकलवर ६० किलो बांधून जालन्याला २८ ने घातलंत, तर सुटले ४८०. जाऊन-येऊन पेट्रोल १०५. राहिले ३७५. चार रविवारांचे १,५००, तेही चारही रविवार माल मिळाला तर. हप्ता २,८७०. उरलेले १,३७० पगारातून, म्हणजे मुलीच्या दुधातून. शिवाय १८ हप्त्यांचे होतात ५१,६६०. मशीनवर ६,६६० जास्तीचे.

कमाई वाढवायची असेल तर ती निवडण्यात आहे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणि एक छोटी कानस खिशात ठेवा. चुंबक चिकटलं की लोखंड, इथवर सगळ्यांनाच माहीत असतं. खरा फटका पुढे बसतो. पितळेची म्हणून घेतलेली नळाची तोटी कानशीने घासल्यावर आतून पांढरट निघाली तर ती जस्ताची. मोटारीची वायंडिंग वरून तांब्यासारखी लाल दिसते, खरवडली की कधी कधी आत अ‍ॅल्युमिनियम असतं. लाल रंग नुसत्या वार्निशचा. तोच घोळ उलट बाजूनेही होतो: सगळं एका पोत्यात भरून नेलंत तर भंगारवाला सर्वात हलक्या मालाचा दर लावतो. केबल जाळून तांबं काढू नका. तो धूर विषारी असतो आणि जळक्या तांब्याला भावही कमी मिळतो.

भंगारवाला जीएसटी नोंदणीवाला असेल आणि तुम्ही नसाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावरचा कर त्याने भरायचा आहे. ‘कर कापून देतो’ म्हणाला तर ऐकू नका.

आता जिथे मला खरी धास्ती वाटते ते. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारी आणि केबली किती चोरीला जातात हे तुम्हाला सांगायला नको. रात्री कुणी स्वस्तात तांबं आणून दिलं आणि तुम्ही ते चोरीचं असल्याचं ओळखूनही घेतलंत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ओळखलंच नव्हतं हे पटवता पटवता नाकी नऊ येतील. वहीत देणाऱ्याचं नाव, तारीख, वजन आणि सही हवीच. आणि तुम्ही मिलच्या स्टोअरमध्ये आहात! स्टोअरवाला बाहेर भंगार विकतो म्हटल्यावर यार्डात चार किलो कमी भरले तरी बोट तुमच्याकडेच जाणार. साहेबांना आधीच लेखी कळवून ठेवा.

सापडलेलं विकून खर्च काढायचा बेत तर पूर्ण खोडा. जमिनीत दडलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं; लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. ते बेवारस ठरलं आणि वेगळा करार नसला तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग मिळतो. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत परवानगीवाचून खोदायचंच नाही. आपली माती तर पैठण, तेर, भोकरदनची. सातवाहनांची शिशाची नाणी दिसतात मळकट चकतीसारखी. तसली चकती शिशाच्या भावात गेली तर कायदा राहू द्या, मला ते चटका लावणारं वाटतं.

मशीन घरात आलं की आठवड्यात कुणीतरी कानात सांगेल, पडक्या वाड्यात गुप्तधन आहे, अमावस्येला या. त्या माणसाला दारातूनच वाटेला लावा.

ठेवीला हात लावू नका; घरात दुखणं आलं तर तेवढाच आधार आहे. मुदत संपली की ती बँकेत न्या, कारण बँकेतल्या ठेवीला असतो तसा ५ लाखांपर्यंतचा विमा पतसंस्थेत नसतो. भंगाराचे पैसे वेगळ्या डब्यात टाका. ४५,००० ऐवजी २०,००० ची मर्यादा घाला. घरच्या मालाचे ८,४८० आणि दरमहा १,५०० धरले तर आठ महिन्यांत जमतात. आठ महिन्यांनीही नाद टिकला असेल तर रोख घ्या, आणि आधी स्वतःच्याच शेतात फिरवा.

दोन धावा मात्र इतक्यात काट्यावर घालू नका. लाकडी चाकं अजून शाबूत असतील तर हायवेवरचे ढाबेवाले शोभेसाठी अख्खी चाकं घेतात, आणि तिथे किलोचा हिशेब नसतो. वडिलांना विचारून घ्या. गाडी त्यांनी हाकली असणार.