द्राक्षं, पनीर आणि गोठवलेले मटार एकाच रीफर पिकअपमधून मुंबईला नेले तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निफाडजवळ दीड एकर द्राक्षबाग, घरचंच पनीरचं छोटं युनिट आणि मित्राकडचे गोठवलेले मटार. जुनी रीफर पिकअप (माल गार ठेवायचं मशीन लावलेली बंद गाडी) स्वस्तात मिळतेय. ती शून्य डिग्रीवर लावून तिन्ही माल आठवड्यातून दोनदा मुंबईला न्यायचे.

असं नाही जमणार. पण गाडीचा नाद लगेच सोडू नका. दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये (जिथे द्राक्षं निवडून, गार करून पेट्यांत भरतात) मी नऊ हंगाम डिस्पॅच बघितलंय, त्यातल्या चार चुका माझ्या स्वतःच्या आहेत. तेवढ्यावर बोलतो.

रीफर घेणाऱ्याच्या डोक्यात घरचा फ्रीज असतो. कोमट पातेलं आत ठेवलं, की तासाभरात गार. गाडीचं मशीन त्या कामासाठी बनवलेलंच नसतं. आधीच गार असलेला माल गार राहावा, भिंतीतून आणि दारातून शिरणारी गरमी बाहेर टाकावी, एवढीच त्याची ताकद. हिशोबच करून बघा. मार्चमध्ये अकरा वाजता खुडलेला द्राक्षाचा मणी आतून 32 डिग्रीला असतो. असा एक टन माल 2 डिग्रीवर आणायचा तर साधारण 30 युनिट उष्णता बाहेर काढावी लागते (वीजबिलातलं असतं ते युनिट). पिकअपवरचं मशीन 3 किलोवॉटचं धरलं, तर फक्त तेवढ्यालाच दहा तास. वरचं ऊन, दार उघडणं वगैरे धरलेलंच नाही. आणि नाशिक ते वाशी पावणेदोनशे किलोमीटर, चार-पाच तासांत गाडी मार्केटच्या गेटवर उभी.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. दुसऱ्याच हंगामात प्री-कूलिंगचे, म्हणजे गाडीत चढवायच्या आधी माल गार करायचे, चेंबर भरलेले होते, म्हणून मी शंभर पेट्या थेट गाडीत चढवल्या. म्हटलं, जाता जाता होतील गार. पहाटे वाशीहून व्यापाऱ्याचा फोन: "दादा, वरची पेटी बर्फासारखी आहे, मधली उघडली तर वाफ आल्यासारखं वाटतंय." ड्रायव्हरने डिस्प्लेचा फोटो पाठवला, त्यावर 1 डिग्री. दोघंही खरं बोलत होते. डिस्प्ले दाखवतो ती मशीनकडे परत येणाऱ्या हवेची डिग्री. ती हवा पेट्यांच्या वरून फिरून परत येत होती, मधल्या थरात शिरतच नव्हती. त्या दिवसापासून खिशात सुईचा थर्मामीटर आला. मधल्या पेटीतला एक मणी घ्यायचा, सुई गरापर्यंत खुपसायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. तो आकडा 4 च्या वर असेल तर गाडी भरायची नाही. व्यापाऱ्याचे किती शिव्याशाप खाल्ले ते सांगत नाही.

आमच्याकडे एक्स्पोर्टचा माल कसा जातो ते एकदा बघून या. सकाळी ऊन चढायच्या आत खुडणी, मग पॅकिंग, मग प्री-कूलिंग. तिथे पेट्यांच्या दोन रांगा लावतात, मधल्या बोळावर ताडपत्री टाकतात आणि एका टोकाला मोठा पंखा हवा ओढतो. त्यामुळे गार हवेला पेटीच्या भोकांतून, घडांमधूनच जावं लागतं. सहा-आठ तासांत मणी 2 डिग्रीच्या आसपास. साध्या कोल्ड रूममध्ये नुसत्या रचून ठेवल्या तर त्यालाच एक दिवस, कधी जास्तही. हे नीट झालेलं असतं म्हणून तो माल न्हावा शेवाहून रॉटरडॅमपर्यंत टिकतो. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागल्या, तेव्हा 2024 च्या हंगामात आमचे कंटेनर नेहमीपेक्षा दोनेक आठवडे उशिरा पोचत होते. ज्याने प्री-कूलिंगमध्ये दोन तास वाचवले होते, त्याचे देठ तपकिरी झालेले आणि पेटीच्या तळाशी मणीगळ.

तुम्हाला रॉटरडॅम गाठायचं नाही, ठीक. पण तुमच्या परिसरात पॅकहाऊसं कमी नाहीत, आणि हंगामात बरेच जण पेटीमागे भाडं घेऊन प्री-कूलिंग करून देतात. आधी तिथे विचारा.

आता मटार. गोठवलेल्या मालाला उणे 18 लागतं, आणि मटार शून्यावर सुटायलाच लागतात. उलट गाडी उणे 18 ला लावली तर द्राक्षं फुटतील आणि पनीर नंतर हातात भुगा होईल. मधली कुठलीही डिग्री तिघांनाही वाईट. मोठ्या गाड्यांत मध्ये इन्सुलेटेड पार्टिशन टाकून दोन कप्पे करतात, पण पिकअपमध्ये तो खर्च वसूल होत नाही. मटार वाटेत सुटून पुन्हा गोठलेत का, हे ओळखायला थर्मामीटरही नको. पाकीट कानाशी धरून हलवा. खुळखुळ वाजलं तर माल बरा. वीट झाली असेल तर कुठेतरी पाणी सुटलं होतं. मुंबईचे हॉटेलवाले हे बरोबर ओळखतात, दुसऱ्यांदा घेत नाहीत.

पनीर आणि द्राक्षं मात्र एका गाडीत बसू शकतात, आणि इथेच तुमच्या कल्पनेत जीव आहे. दोन्ही 0 ते 4 मध्ये खूश. एकच अट: पेट्यांत ग्रेपगार्ड नको. तो कागद ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सोडतो. बुरशीसाठी उत्तम, पण पनीर शेजारचा वास पटकन ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी विकायच्या मालाला त्या कागदाची गरजही नसते. पनीर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तेही आधी 4 च्या खाली गार केलेलं. उद्या कोणी त्याच गाडीत केळी किंवा हापूस घालायला सांगितलं तर हात जोडा. 13 डिग्रीच्या खाली केळ्याची साल काळी पडते आणि आंबा नीट पिकत नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा पेंट आणि टायरच्या आधी एक विचारा: कॉम्प्रेसर कशावर चालतो? पिकअपमध्ये तो बहुतेक गाडीच्या इंजिनवरच असतो. म्हणजे इंजिन बंद, की गारवा बंद. आमच्या एका गाडीतला लॉगर (वाटेतली डिग्री नोंदवत जाणारं यंत्र) काढला तेव्हा ग्राफमध्ये पहाटे तीनच्या सुमारास टेकडी उभी होती, बरोबर पन्नास मिनिटांची. कसारा घाटाखालचा ढाबा. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं. त्याला मी काय बोलणार, डिझेलचा हिशोब त्याच्याकडूनच मागत होतो ना आम्ही! पुढे ते पैसे वेगळे द्यायला लागलो, टेकडी गेली. काही गाड्यांना उभ्या असताना लावायला विजेचा प्लग असतो; तो असेल तर थोडे जास्त मोजा.

भरतानाची दोन पथ्यं. गाडी रिकामी असतानाच मशीन अर्धा-एक तास चालवून बॉडी गार करा, पण दार उघडून भरताना मशीन बंद ठेवा. चालू राहिलं तर बाहेरची दमट हवा आत ओढून कॉइलवर बर्फ धरतं आणि पुढे हवाच फिरत नाही. दुसरं, पेट्या छताला भिडवू नका, आणि मशीनकडे हवा परत येते त्या जाळीसमोर तर एकही नको. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावून घ्या, तीन ठिकाणी माल उतरवायचा असेल तर तो पहिल्या महिन्यातच पैसे फेडतो.

मटारसाठी वेगळा रस्ता आहे. आइसक्रीमच्या छोट्या गाड्यांत असतात तशा मिठाच्या द्रावणाच्या प्लेटा, रात्रभर प्लगवर गोठवायच्या आणि इन्सुलेटेड पेटीत भिंतींना लावायच्या. अशी बंद पेटी तुमच्याच गाडीत मागे बसेल, द्राक्षांना त्रास न होता. फक्त आठवड्याला मटार किती किलो आणि पेटी वाटेत किती वेळा उघडणार, ते लिहा. त्यावरून प्लेटा किती लागतील ते सांगतो.