आधी चाळायला द्या, मग वाचायला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. विट्याजवळच्या तुमच्या गावात ‘क’ वर्गाचं शासनमान्य वाचनालय आहे. तिथे दृष्टिहीन वाचकांसाठी तुम्ही देणगीतून कपाट उभं केलं, ब्रेलचे साठ-एक खंड आणले, ऐकायच्या पुस्तकांच्या सीडी आणल्या, नारळ फुटला. आठ महिन्यांत दोनच माणसं आली आणि त्यातलं एक पुन्हा फिरकलं नाही. आता कार्यकारिणी म्हणते, गावात मागणीच नाही, कपाट स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना द्या. कोणती पुस्तकं ठेवावीत आणि कोणते उपक्रम घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

कपाट सोडू नका. मागणी आहे, ती तुमच्या दारापर्यंत चालत येऊ शकत नाही एवढंच.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. आधी रातांधळेपणा आला, मग नजरेचा घेर आवळत गेला आणि पस्तिशीत छापील अक्षर सुटलं. गेली १७ वर्षं सांगलीत दर शनिवारी दृष्टिहीनांसाठी वाचनाचा कार्यक्रम चालवते. हे उत्तरही एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या संगणकाच्या स्क्रीन रीडरवर, ऐकत ऐकत टाइप करतेय.

पहिलं काम पुस्तकांचं नाही, रजिस्टरचं आहे. सभासदांची जुनी रजिस्टरं काढा. गेल्या दहा वर्षांत ज्यांनी वर्गणी भरायची थांबवली आणि ज्यांचं वय साठीच्या पुढे होतं, त्यांची नावं वेगळी लिहा. काही वारले असतील, काही मुलाकडे पुण्याला गेले असतील. तुमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी परराज्यात, म्हातारी माणसं तेवढी गावात, हेही तुम्हाला माहीत आहे. उरलेल्यांना फोन लावा. काचबिंदूनं, नाहीतर साखरेनं डोळ्याचा पडदा खराब झाल्यामुळे पुस्तक खाली ठेवलेली माणसं त्यात निघतील. आम्ही हे केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मोजायला दोन हातांची बोटं पुरली नाहीत.

ही माणसं स्वतःला अंध म्हणवत नाहीत. ‘आता नीट दिसत नाही’ एवढंच म्हणतात. तुमच्या कपाटावर ‘अंध विभाग’ अशी पाटी असेल तर ती आपल्यासाठी आहे असं त्यांच्या मनातही येणार नाही. फोनवर ‘अंधांसाठी काहीतरी सुरू केलंय’ असं म्हणू नका, ‘पुस्तक ऐकवायची सोय केलीय’ म्हणा. आणि साठीनंतर नजर गेलेल्या माणसाला ब्रेल येत नसतं. तुमचे साठ खंड या सगळ्यांसाठी बिनअक्षरांचे आहेत. त्यांचा उपयोग कुणाला, ते पुढे सांगते.

आता मुद्द्याचं. तुम्ही कपाटासमोर उभे राहता तेव्हा काय करता ते आठवा. एक पुस्तक काढता, मलपृष्ठ वाचता, मधलंच एखादं पान उघडता, चार ओळी बघता, परत ठेवता. दहा पुस्तकं हाताळून त्यातलं एक घरी नेता. नजर गेल्यावर मला सगळ्यांत जास्त कशाची आठवण आली असेल, तर या चाळण्याची. आम्हाला मिळतं ते थेट एक पुस्तक, कुणीतरी आमच्यासाठी निवडलेलं. ते आवडलं नाही म्हणायचीही चोरी, कारण समोरच्यानं कष्ट घेऊन आणलेलं असतं.

म्हणून आमचा मुख्य उपक्रम एकच आहे, ‘पहिली दोन पानं’. दर महिन्याला आठ पुस्तकं निवडायची. प्रत्येकाचं नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, मुखपृष्ठावर काय आहे ते एका वाक्यात, मग मलपृष्ठावरचा मजकूर, पहिली दोन पानं आणि मधलं एखादं अर्धं पान, असं पाच-सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर सभासदांना पाठवायचं. ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यांना शनिवारी फोन लावून ऐकवायचं. मग वाचक सांगतो, ‘तीन आणि सात पाठवा.’ पुस्तक अर्धवट सोडलं तर कारण विचारायचं नाही, हा आमचा नियम आहे.

हा नियम आम्हाला एका निवृत्त एसटी ड्रायव्हरकाकांनी शिकवला. सुरुवातीच्या दिवसांत मी त्यांना अंधत्वावर मात केलेल्या माणसांची चरित्रं पाठवली, एकापाठोपाठ तीन. त्यांनी तिन्ही गुमान ऐकली. चौथ्या वेळी म्हणाले, ‘बाई, खुनाची एखादी गोष्ट हाय का?’ तरुणपणी मुक्कामाच्या गाडीत कंदिलाच्या उजेडात ते बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत रात्र काढायचे. त्या दिवसापासून मी वाचकाला त्याचे डोळे कसे गेले हे विचारायच्या आधी, तो पूर्वी काय वाचायचा हे विचारते. मात करण्याच्या गोष्टी जरूर ठेवा, पण कुणी मागितल्या तर द्या.

पुस्तकांच्या निवडीबद्दल माझं ठाम मत असं की कानानं वाचायचं पुस्तक वेगळ्या निकषावर निवडावं लागतं. ज्यात माणसं बोलतात, ते कानाला लवकर लागतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. समोर बसून सांगितल्यासारखं लिहिलंय, मोठ्यानं वाचायला लागलं की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप मोकळा होतो. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ तर एकेका रात्रीच्या गोष्टीत बांधलेलं आहे, एका बैठकीला एक रात्र. दोघांनाही जाऊन ६० वर्षांहून जास्त काळ लोटला, त्यामुळे स्वामित्व हक्काचा प्रश्न नाही, रेकॉर्डिंग कुणालाही देता येतं. बहिणाबाईंच्या ओव्या तर मुळात कागदावर जन्मल्याच नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्या जात्यावर, शेतात गात राहिल्या आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या. त्या ऐकताना कुठेही काही हरवल्यासारखं वाटत नाही.

तुमच्या भागाचं म्हणाल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ हवीच. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, लहान लहान वाक्यं, एकेक माणूस ठसठशीत. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ही हवी. पण ही दोन्ही माणसाच्या आवाजात हवीत, आणि वाचणारा शक्यतो आटपाडी-वाळव्याकडचा बघा. फोनमधला यांत्रिक आवाज पुष्कळदा ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकाच तऱ्हेनं काढतो. माणदेशी बोली त्याच्या तोंडी दिली की पहिल्या पानावर माणूस कंटाळतो, आणि दोष लेखकाला लागतो.

यांत्रिक आवाज वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. माहितीसाठी तो उत्तम. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर युनिकोडमध्ये आहे, फोनमधलं टॉकबॅक किंवा संगणकावरचं एनव्हीडीए तो सरळ वाचतं. आमचे दोन-तीन वाचक रोज एक नोंद ऐकतात, अगदी अकारविल्हे. सरकारची ‘सुगम्य पुस्तकालय’ ही २०१६ साली सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे, तिथे मराठी पुस्तकंही आहेत. वाचकांची नावनोंदणी करून घ्या, एका बैठकीत होणार नाही, चिकाटी ठेवा.

एक धोका सांगून ठेवते. प्रकाशकानं प्रेमानं पीडीएफ दिली म्हणजे काम झालं असं नाही. जुन्या मराठी पुस्तकांची जुळणी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये झालेली असते. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ असतो, आणि स्क्रीन रीडर तोच गोंधळ मोठ्यानं वाचतो. स्कॅन करून ओसीआर केलं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाला ओळखायला लावली, तर ‘ख’चा ‘रव’ होतो, रफार उडतात, अनुस्वार गळतात. त्यामुळे एक डोळस माणूस तपासणीला हवाच. निवृत्त शिक्षिका या कामाला सोन्यासारख्या असतात, त्यांच्या हातातली लाल शाई अजून वाळलेली नसते.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. विट्यात यंत्रमागांचा खडखडाट आहे, म्हणून पहाटे किंवा माग बंद असतील त्या दिवशी वाचा. पंखा बंद, खिडकी बंद, भिंतीला दोन गोधड्या टांगा, मोबाइल टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नाटकी वाचू नका, आणि मास्तरांसारखं समजावतही वाचू नका. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी करा आणि सुरुवातीला प्रकरणाचा क्रमांक बोला. नऊ तासांची सलग फाइल दिली की ऐकणाऱ्याला मध्येच डुलकी लागते, आणि उठल्यावर आपण कुठे होतो ते सापडत नाही. फाइलींना ०१, ०२ असे आकडे द्या. नुसतं १, २ दिलं तर काही यंत्रांवर १ नंतर १० वाजायला लागतं. आमच्या एका आजींनी अख्खी कादंबरी अशी उलटसुलट ऐकली आणि लेखक फार अवघड लिहितो म्हणून सोडून दिली. मला कळलं तेव्हा रात्रभर चैन पडलं नाही. सगळ्या फाइली नव्यानं नावं देऊन त्यांना परत पाठवल्या.

कायद्याची भीती कार्यकारिणीत कुणी घातली तर एवढं सांगा. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार छापील वाचू न शकणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी पुस्तक ऐकण्याच्या किंवा ब्रेलच्या रूपात करता येतं, नफा घ्यायचा नाही, आणि शासनमान्य ग्रंथालयाचाही त्यात समावेश आहे. प्रत फक्त अशाच वाचकांपर्यंत राहील ही जबाबदारी तुमची. हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग गावच्या सगळ्या ग्रुपवर टाकू नका.

आता तुमच्या ब्रेलच्या खंडांकडे येते. ते शाळकरी मुलांसाठी जपा. आमच्याकडे नववीतला एक मुलगा येतो. शेकडो पुस्तकं ऐकलेली, बोलणं असं की ऐकत राहावं. एकदा त्यानं निबंध टाइप करून दिला, तर ‘कृष्णा’ नदीचं नाव ‘क्रुष्णा’ लिहिलेलं. जिच्या काठावर वाढला, त्या नदीचं नाव त्याच्या बोटांखालून कधी गेलंच नव्हतं. ऐकून भाषा येते, शुद्धलेखन येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, परिच्छेद कुठे मोडतो, हे सहा ठिपक्यांवर बोट फिरवल्याशिवाय मुलाला कळत नाही. आता दर शनिवारी अर्धा तास तो मोठ्यानं ब्रेल वाचतो, मी दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून त्याच्याबरोबर जाते. ‘ळ’ आला की अजून थांबतो, बोट मागे नेतो, परत पुढे आणतो. मी सांगत नाही, थांबते.

शाळा लांब असेल तर खंड पोस्टानं पाठवा. अंधांसाठीच्या साहित्याचं ७ किलोपर्यंतचं पार्सल साध्या टपालानं विनामूल्य जातं. ब्रेलमध्ये एका छापील पुस्तकाचे तीन-चार जाडजूड खंड होतात, म्हणून ही सवलत फार मोलाची आहे. पोस्टात विचारा, कधी कधी काउंटरवरच्यालाच ती माहीत नसते. आणि खंड तळाच्या फळीवर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या खोलीत शिरलं. ओसरल्यावर मी एक खंड उघडून हात फिरवला, तर पान ओल्या भाकरीसारखं मऊ आणि सपाट. छापील पुस्तक चिखलातून काढून वाळवलं तर डागाळलेलं का होईना, वाचता येतं. ठिपका बसला की मजकूर गेला. रेकॉर्डिंगं बचावली, कारण त्यांची दुसरी प्रत विश्रामबागेत मैत्रिणीच्या घरी होती.

एकत्र जमायचा कार्यक्रम करायचा तर नाटक वाचा. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून आपण त्या दिवशी रंगभूमी दिन पाळतो. आम्ही त्या आठवड्यात नाट्यवाचन ठेवतो. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’नं सुरुवात केली होती. डोळस आणि दृष्टिहीन दोघांनीही भूमिका घ्यायच्या, कुणी ब्रेलवरून वाचतं, कुणी कानात एका बाजूनं ऐकत मागोमाग बोलतं. रंगसूचना एका वेगळ्या माणसानं वाचायच्या, त्या गाळल्या तर कोण आलं, कोण गेलं काही कळत नाही. तुमच्याकडे येणाऱ्यांना एसटीनं परत जायचं असतं हे धरून कार्यक्रम चारच्या आत संपवा.

१५ ऑक्टोबरला आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो आणि तोच जागतिक पांढरी काठी दिन. त्या दिवशी दृष्टिहीन वाचकाला पाहुणा म्हणून हार घालून बसवू नका. त्याला आवडलेल्या पुस्तकाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगा, बाकीच्या सभासदांना पुस्तक सुचवणारा म्हणून.

आणि रजिस्टरमधल्या माणसांना पहिला फोन कराल तेव्हा हा प्रश्न विचारा, ‘तुमचं कोणतं पुस्तक अर्धवट राहिलंय?’ तासगावच्या एका निवृत्त मास्तरांना मी हे विचारलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सुनेला हाक मारून कपाटातून एक कादंबरी काढायला लावली. आत एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं होतं, नऊ वर्षांपूर्वीचं. सुनेनं पान क्रमांक सांगितला. मी म्हटलं, पहिल्यापासून वाचून पाठवू का? म्हणाले, नको, तिकिटापासून वाचा.