फोटो डिलीट करायला लावले? तक्रारीचं नंतर बघू, आधी कार्ड बाहेर काढा

पार्किंगमधल्या गाडीचे फोटो गार्डने डिलीट करायला लावले, ही गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या आपल्या ग्रुपवरची तुमची पोस्ट वाचली आणि नऊ वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ जशीच्या तशी समोर आली. बेसमेंट पार्किंग, कोपऱ्यात सहसा न दिसणारी गाडी, घाईघाईत काढलेले दहा-बारा फोटो, मागून गार्डची हाक, मग ऑफिसात नेऊन समोर उभं राहून एकेक फोटो डिलीट करायला लावणं. तुम्ही विचारलंय की तक्रार कुठे करू. माझ्या बाबतीत गाडी वेगळी होती, बाकी सगळं हेच. मीही तेव्हा हाच प्रश्न विचारत फिरले, आणि खरं नुकसान त्यातच झालं.

म्हणून पुढचं वाचण्याआधी एक काम करा. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढा, त्याच्या कडेची बारीक पट्टी लॉककडे सरकवा आणि कार्ड डबीत टाका. ती पट्टी म्हणजे काही कुलूप नव्हे, समोरच्या यंत्राला केलेली 'इथे काही लिहू नको' अशी विनंती आहे. बहुतेक यंत्रं ती मानतात, एवढंच. आज पुन्हा कुठे बाहेर पडणार असाल तर दुसरं कार्ड न्या. दुसरं नसेल तर घरी बसा.

कारण असं की कॅमेऱ्यात 'डिलीट' दाबल्यावर फोटो तिथल्या तिथे पुसला जात नाही. कार्डावर एक यादी असते, कुठला फोटो कुठल्या जागेत ठेवलाय त्याची. डिलीट केलं की त्या यादीत 'ही जागा रिकामी' अशी खूण होते. फोटो असतो तिथेच असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जातं तेव्हा तो खरा जातो. म्हणजे तुमचे फोटो त्या गार्डने घालवलेले नाहीत, निदान अजून तरी नाहीत. ते घालवणारी पुढची क्लिक तुमच्याच बोटाची असेल. माझ्या बाबतीत तसंच झालं.

आता माझं रामायण. एका मोठ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, तिसऱ्या तळघरात, खांबाआड करड्या कव्हरखाली एक गाडी होती. वाऱ्याने म्हणा, कुणाच्या धक्क्याने म्हणा, मागच्या बाजूचं कव्हर वर सरकलं होतं आणि खाली मधोमध एक्झॉस्टची तीन तोंडं दिसत होती, त्रिकोणात बसवलेली. शेजारी, मागच्या चाकाच्याही मागे, भली मोठी जाळी. इंजिन पुढे असलेल्या गाडीला तिथे जाळी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ज्या गाडीचे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरच मागे नेऊन बसवलेत तिला ती लागते. लेक्सस एलएफए, जपानी सुपरकार! डिसेंबर 2010 ते डिसेंबर 2012, दिवसाला जेमतेम एक या गतीने 500 गाड्या बांधल्या आणि थांबले. यामाहाला सोबत घेऊन केलेलं 4.8 लिटरचं, दहा सिलिंडरचं व्ही10 इंजिन मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत इतक्या झपाट्याने चढतं की काट्याला तो वेग पकडता येईना, म्हणून मीटर डिजिटल दिला. मी तोवर फेरारी, मॅक्लारेन सगळं थोडंफार टिपलं होतं. एलएफए कधीच नाही. त्यानंतरही नाही.

मी गुडघे टेकले, कॅमेरा जवळजवळ फरशीला लावला आणि सतरा फोटो काढले. कव्हरला बोटही लावलं नव्हतं. पण गाडीच्या मागे वाकून बसलेली बाई आणि वर सरकलेलं कव्हर, एवढं पाहून गार्डने काय समजायचं ते समजून घेतलं. इथे त्याचं फारसं चुकलं असं मला आजही वाटत नाही. (तुम्हीही तुमच्या पोस्टमध्ये 'कव्हर थोडंसं बाजूला केलं' असं लिहिलंय. ते करू नका, कधीच नाही. कव्हरवर साचलेली धूळ रंगावर घासली की बारीक ओरखडे उठतात, आणि मालकाच्या दृष्टीने तुम्ही फोटोग्राफर राहत नाही, गाडीला हात लावणारी परकी व्यक्ती होता. मग कुठलीही तक्रार करा, बाजू तुमचीच लंगडी.)

ऑफिसात सुपरवायझर होता. मी समजावून सांगितलं, जुने फोटो दाखवले, मालकाला फोन करा म्हटलं. त्याचं एकच पालुपद: "मॅडम, परमिशन आहे का?" परमिशन कोण देतं हे विचारलं तर ते त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी त्याने टेबलावर हात ठेवून सतरा वेळा डिलीट करायला लावलं. तो मोठ्याने मोजत होता. सतरावा झाल्यावर रजिस्टरमध्ये सही घेतली.

आणि मग मी ती चूक केली. रागाने डोकं भणभणत होतं. रॅम्पवरून वर येते तर समोरून पोपटी रंगाची लँबोर्गिनी हुराकान बाहेर पडत होती. 'तुम्ही अडवा, मी काढणारच' अशा तोऱ्यात मी बटण दाबून धरलं ते गाडी वळेपर्यंत सोडलं नाही. चाळीसच्या वर फोटो, त्याच कार्डावर, नुकत्याच रिकाम्या झालेल्या जागेत. हुराकान सुंदर गाडी आहे, वाद नाही. पण तशा गाड्या बांधण्यात 20,000चा आकडा कंपनीने 2022मध्येच ओलांडला. आणि तिच्यासाठी मी पाचशेतली एक पुसून टाकली, सुपरवायझरपेक्षा जास्त चोखपणे.

हे मला तेव्हा कळलंच नाही. पुढचे दोन महिने मी न्याय मागत होते. त्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा साहेब बदललेले. लेखी द्या म्हणाले, दिलं. ईमेल करा म्हणाले, केला. लगेच उत्तर आलं, तक्रार क्रमांकासकट. मी भाबडी, खूश झाले. आठवड्याने त्याच क्रमांकावर 'तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे' असा निरोप. कुणाचं समाधान, कोणी केलं, काही नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा नवा क्रमांक. शेवटी कधीतरी एका ओळीचं उत्तर मिळालं: छायाचित्रणाबाबत आमचे कोणतेही लेखी धोरण नाही. म्हणजे मनाईसुद्धा नव्हती! ती ओळ मी अजून जपून ठेवली आहे. तिचा उपयोग शून्य.

कायद्याचं विचाराल तर मी वकील नाही, आणि हे देशागणिक बदलतं, तेव्हा माझ्या शब्दावर भांडायला जाऊ नका. ढोबळमानाने एवढं धरून चाला की पार्किंग खासगी असेल तर 'फोटो काढू नका, बाहेर जा' असं ते सांगू शकतात आणि तुम्ही जायला हवं. काढलेले फोटो पुसायला लावणं ही निराळी गोष्ट, त्यासाठी अनेक ठिकाणी त्यांच्याकडे काही आधार नसतो. इंटरनेटवर लोक लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या सूचना दाखवतात, ज्यात झडतीच्या वेळी डिजिटल फोटो डिलीट करण्याचा अधिकार पोलिसांना नाही असं साफ लिहिलंय. ते खरं आहे, पण ते तिथलं, आणि पोलिसांपुरतं. दुसऱ्या देशातल्या तळघरात गार्डला ते वाचून दाखवणारा एक सदस्य मला माहीत आहे. त्याचा कॅमेरा तासभर टेबलावर पडून होता.

माझं आपलं मत, पटलं तर घ्या: तिथे वाद घालू नका. सांगतील ते डिलीट करा, शांतपणे, तोंडावर दिलगिरी ठेवून. फक्त 'फॉरमॅट', म्हणजे अख्खं कार्ड एकदम रिकामं, करू देऊ नका. साध्या फॉरमॅटनंतरही बऱ्याचदा फोटो परत मिळतात, पण काही कॅमेऱ्यांत जागा खरोखर पुसणाऱ्या 'लो लेव्हल फॉरमॅट'चा पर्याय असतो आणि तो चालला की आशा सोडा. सरळ बाहेर या, कॅमेरा बंद करा. रस्त्यात बुगाटी दिसली तरी बंदच ठेवा. (बरं, बुगाटी दिसली तर फोनने काढा.)

परत मिळवायची रीत अवघड नाही. कार्ड रीडरने कॉम्प्युटरला जोडा. 'कार्डात दोष आहे, दुरुस्त करू का' असं विचारलं तर नाही म्हणा. 'फोटोरेक' नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. दिसायला ओबडधोबड आहे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण काम करतं. सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, कॉम्प्युटरवर दुसरीकडे घ्या. हे सगळे सांगतात आणि तरी निम्मे लोक चुकतात. कार्ड कॉम्प्युटरने ओळखलंच नाही तर घरी खटपट करू नका, व्यावसायिकाकडे द्या. आणि पुढच्या वेळेसाठी, कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दुसऱ्यावर आपोआप प्रत पडेल असं लावून ठेवा. मी ते आता करते. तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात दुसरा खाचा होता, रिकामा!

तुम्ही बचावलेल्या फोटोंमधला एक टाकलाय त्यावरही बोलते, राहवत नाही म्हणून. त्यात आडवे काळपट पट्टे आलेत ते कॅमेऱ्याचा दोष नाही. तळघरातले दिवे विजेच्या तालावर लुकलुकतात, 50 हर्ट्झची वीज असेल तर सेकंदाला 100 वेळा. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. जिथे वीज 60 हर्ट्झची असते तिथे 1/60 किंवा 1/120च्या जवळपास. 1/500 लावून हात स्थिर राहील, पण पट्टे येणारच. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा झळाळी कापणारा फिल्टर, तळघरात काढून ठेवा, आधीच अंधार आणि तो आणखी दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). बाहेर उन्हात काचेवरची झळाळी मारायला तो उत्तम, फक्त मागच्या काचेवर ठिपक्यांची जाळी उमटते तेव्हा घाबरू नका, टफन्ड काचेतला ताण दिसतो तो. आणि नाकाजवळ जाऊन वाइड अँगलने काढू नका हो. गाडीचं तोंड सुजल्यासारखं दिसतं. चार पावलं मागे जा, लांबची लेन्स लावा, हेडलाइटच्या उंचीला बसा. बाकी तुम्हाला येतंच.

अजून एक, हे रागावून सांगते. फोटो परत मिळाले तर गाडी तिथे उभी आहे तोवर टाकू नका, आणि टाकाल तेव्हा फाइलमधलं जागेचं लोकेशन काढून टाका. आपल्याला लाइक्स मिळतात, पण ती गाडी कुठल्या तळघरात असते हे चोरालाही कळतं. असे दोन-चार प्रकार झाले की प्रत्येक पार्किंगचा सुपरवायझर आपल्याकडे संशयाने बघणार, आणि मग आपण त्याच्या नावाने बोटं मोडणार.

माझ्या सतरा फोटोंचं काय झालं तेही सांगून टाकते. दोन महिन्यांनी कुणीतरी रिकव्हरीबद्दल सांगितलं. मधल्या काळात ते कार्ड मी वापरतच होते, पण नशिबाने फार नाही. सॉफ्टवेअरने यादी दाखवली तेव्हा मी खुर्चीत उभीच राहिले. सतराही नावं होती, प्रत्येकाचं फक्त पहिलं अक्षर गळलेलं. एकेक उघडत गेले. बारा उघडलेच नाहीत. चारांमध्ये एलएफएच्या नावाखाली पोपटी हुराकानचे तुकडे. एक उघडला, निम्मा. वर तळघराचं छत, पाइप, करडं कव्हर, त्याची वर दुमडलेली कड, मागच्या काचेची एक तिरीप. आणि जिथे बंपर सुरू व्हायला हवा तिथून खाली सपाट राखाडी पट्टा. एक्झॉस्टची तीन तोंडं बरोबर त्या पट्ट्याखाली. तो फोटो मी ग्रुपवर टाकला तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, "ताई, कव्हरखाली काहीही असू शकतं."

तर आता एवढंच सांगा: डिलीट केल्यापासून त्या कार्डावर तुम्ही किती फोटो काढलेत, आणि कार्ड किती जीबीचं आहे? व्हिडिओ काढला असेल तर तोही सांगा, तो जागा जास्त खातो. उत्तर येईपर्यंत कार्डाला हात लावू नका.