आधी जीव बघ

प्रिय बाळा,

तुझ्या कोपेपॉडचा, म्हणजे पाण्यातल्या त्या बारीक कवचधारी जिवाचा, डीएनए ऑनलाइन साठ्यातल्या नोंदींशी ताडून रात्री साडेअकराला तू मेसेज केलास, "सर, ८६ टक्के जुळतंय, वरचंच नाव टाकू का?" नको टाकूस. कोपेपॉडच्या एकाच जातीत सीओआय जनुक, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा, 'बारकोड', सहसा दोन-चार टक्क्यांपलीकडे वेगळा निघत नाही. तुझा फरक १४ टक्के. म्हणजे तुझ्या जिवाच्या जातीचा बारकोड बहुधा त्या साठ्यात अजून कोणी ठेवलेलाच नाही.

तू जीव बघितलास का? रत्नागिरीहून आणलेला तो मिलिमीटरभर जीव नर की मादी? जात ज्यावरून ओळखतात त्या पाचव्या पायजोडीचं टोक कसं आहे? यातलं तू काहीच लिहिलं नाहीस.

मीही बघितला नव्हता. पीएचडीची घाई होती. अख्खे जीव ट्यूबमध्ये टाकले, डीएनएसाठी चिरडले. एकच नाव लिहिलेल्या बाटलीतून दोन वेगळे बारकोड निघाले आणि कोणता कुठल्या जिवाचा, हे दाखवायला एक पायसुद्धा उरला नव्हता. बाकीचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये, त्यातून डीएनए निघेना. प्रबंधातलं ते प्रकरणच काढावं लागलं. अजून टोचतं.

म्हणून आधी बघ. फोटो काढ, पाचवा पाय सुईने सोडवून ग्लिसरीनमध्ये स्लाइडवर ठेव, मग उरलेल्याचा डीएनए काढ. 'प्रोटिनेज के' या एन्झाइमने मांस विरघळतं, कवच राहतं. ते फेकू नकोस. स्लाइडवर, कवचाच्या कुपीवर आणि सिक्वेन्सवर एकच नंबर टाक.

मला जुन्या वळणाचा म्हणतात, म्हणू देत. पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये बारकोड मांडला, आपल्या विद्यापीठात त्यांच्या नावाचं केंद्र आहे, आणि अंडी, पिल्लं, तुटके जीव ओळखायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही, हे मीच वर्गात सांगतो. पण त्या साठ्यातलं प्रत्येक नाव कुणीतरी डोळ्यांनी बघून दिलेलं असतं, आणि बघणारा चुकला की चूक सगळीकडे पोचते. तुझे वडील पिशवीवरचं लेबल वाचून सोयाबीन पेरतात का? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी उगवण बघतात ना? मग तू का बघत नाहीस?

समुद्र लांब आहे ही सबब मला सांगू नकोस. पैठणच्या नाथसागरात जाळं ओढ, गोड्या पाण्यातले डायाप्टोमिड कोपेपॉड मिळतील. त्यांच्या नराचाही पाचवा पायच बघावा लागतो. हात तिथे बसव.

शनिवारी लॅब उघडी ठेवतो. बारीक सुया आण. आणि बाटलीत जे सात जीव उरलेत म्हणतेस, त्यातला एकही तोवर चिरडू नकोस.

तुझा,
सर